टाके निघाले, पण डोके बरे झाले काय?

मूल पोटमाळ्यावरून पडते किंवा रस्ता ओलांडताना त्याला मोटारसायकलची धडक बसते. इस्पितळात टाके पडतात, आठ-पंधरा दिवसांत मूल घरी येते आणि आईबाप निर्धास्त होतात. परंतु मेंदूला जबर मार लागला असेल तर खरी कसोटी पुढेच असते, हे आम्ही आज आपणांस सांगू इच्छितो.

‘लहान जीव आहे, लवकर भरून येईल’ असे आपण म्हणतो. हाडाच्या बाबतीत ते खरे. मेंदूच्या बाबतीत नेहमीच नाही. मेंदूची जडणघडण विशीनंतरही काही वर्षे चालते. लक्ष देणे, राग आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे करणारा कपाळामागचा भाग सर्वांत उशिरा पक्का होतो. म्हणून पाचव्या वर्षी लागलेल्या माराचा परिणाम कधी कधी सातवी-आठवीत, अभ्यास वाढल्यावर दिसतो. तोवर घरचे तो अपघात विसरलेले असतात.

वाचलेले ध्यानात न राहणे, कामाचा वेग मंदावणे, लवकर थकणे, डोकेदुखी, झोप बिघडणे, क्षुल्लक कारणावरून संताप ही त्याची लक्षणे. काहींना पुढे फिट येतात. मूल धडधाकट दिसते, म्हणून गुरुजी त्याला आळशी ठरवतात, बाप हात उगारतो आणि शेजारीण ‘बाहेरचे लागले’ म्हणून भगताचा पत्ता देते. बंधूभगिनींनो, हा आळस नव्हे आणि बाहेरचेही नव्हे. छडीने वा उताऱ्याने ते बरे होत नाही. उपचाराचे दिवस मात्र वाया जातात.

मग करावे काय? डिस्चार्ज कार्ड व स्कॅनचे कागद जपून ठेवा. वर्गशिक्षकांना अपघाताची माहिती द्या. थोडा थोडा अभ्यास, मध्ये विश्रांती, परीक्षेत जादा वेळ मागा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सायकल व मैदानी खेळ बंद ठेवा, कारण जखम भरण्याआधी बसलेला दुसरा मार फार घातक ठरतो.

वाहनाचा अपघात असेल तर चार हजार रुपये घेऊन कागदावर अंगठा देऊ नका. नुकसान किती, हे त्या दिवशी कोणालाच कळलेले नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार मुलांना मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. अपंगत्व ४० टक्के वा अधिक राहिले, तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आपल्या वस्तीत असे एखादे ‘बिघडलेले’ पोर असेल, तर त्याच्या आईला एवढेच विचारा : लहानपणी याच्या डोक्याला मार लागला होता काय?