सरकार स्थिर की जबाबदार?

एका पक्षाची एकहाती सत्ता म्हणजे स्थिर सरकार आणि आघाडी म्हणजे अस्थिरता, कुरघोडी, खोगीरभरती, असा धडा प्रस्थापितांची वृत्तपत्रे वर्षानुवर्षे आपल्याला देत आली आहेत. आम्ही विचारतो, ते स्थैर्य कोणाचे होते? 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हापासून 1978 पर्यंत काँग्रेसची अखंड सत्ता होती. साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षण संस्था त्या काळात मोजक्या घराण्यांच्या हाती स्थिर झाल्या. आपली वस्ती गावकुसाबाहेर होती, ती गावकुसाबाहेरच स्थिर राहिली.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे उत्तर 4 नोव्हेंबर 1948 रोजीच दिले आहे. घटना समितीपुढे संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट केले की, लोकशाहीतील सरकार स्थिरही हवे आणि जबाबदारही हवे. परंतु दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत जगाला सापडलेली नाही. म्हणून मसुद्याने जास्त स्थैर्यापेक्षा जास्त जबाबदारी पसंत केली. तेव्हा सरकार एका पक्षाचे की पाच पक्षांचे, हा प्रश्न नंतरचा. ते कोणाला जबाबदार आहे, हा प्रश्न पहिला.

या कसोटीवर महाराष्ट्रातील आघाड्या उतरल्या काय? जुलै 1978 मध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोद सरकार आले. काँग्रेसमधून फुटलेला गट, जनता पक्ष, शेकाप अशी ती मोट होती. 27 जुलै रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे शहीद झाले. आमच्या पिढीने हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली आणि 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारासाठी समाजाला सोळा वर्षे झुंजावे लागले. आघाडीने ठराव दिला, पण तिचे आमदार गावातील बलदंडांना जबाबदार राहिले, हा त्याचा अर्थ.

1985 नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. 1990 मध्ये काँग्रेस 141 वर थांबली, 1995 मध्ये 80 वर आली. म्हणजे गेली पस्तीस वर्षे प्रत्येकाला कोणाची ना कोणाची गरज आहे. 1998 साली रिपब्लिकन ऐक्य झाले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. ऐक्य मात्र टिकले नाही. प्रत्येक गट वेगळ्या दारात उभा राहिला. कोणी एखादे महामंडळ मागितले, कोणी विधान परिषद. समाजासाठी काय मागितले, हे कोणत्याही कागदावर दिसत नाही.

याची किंमत परभणीने मोजली आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी येथे बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. 15 डिसेंबरला नागपुरात तीन पक्षांच्या महायुतीचे 39 मंत्री शपथ घेत होते. त्याच दिवशी कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले. 288 पैकी 230 आमदार या तीन पक्षांचे होते. ज्या आघाडीला आपल्या मतांवाचून अडत नाही, ती एकपक्षीय राजवटीसारखीच वागते.

आणि आपली मते कमी आहेत काय? 2019 च्या लोकसभा निवडणुकीत परभणीत जय-पराजयातील अंतर सुमारे 42 हजार होते. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सुमारे दीड लाख मते पडली होती. मते आहेत, करार नाही.

आम्ही वकिली करतो. घर भाड्याने देतानाही आम्ही अशिलाला करारनामा करायला लावतो. आपल्याकडे बटईने शेत लावतानाही चार माणसांसमक्ष वाटा ठरतो. समाजाची मते मात्र व्यासपीठावरच्या एका हारावर दिली जातात. यापुढे कोणत्याही पक्षाशी युती करायची तर तिच्या अटी मतदानापूर्वी लेखी असाव्यात आणि विहाराविहारांत वाचून दाखवाव्यात. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवायचा नाही, कोठडीतील मृत्यूची चौकशी किती दिवसांत करायची, आंदोलक तरुणांवरील गुन्ह्यांचे काय करायचे, हे त्यात असावे. अट मोडली तर आपल्या नेत्याने किती दिवसांत खुर्ची सोडायची, हेही असावे. हे शेवटचे कलम ज्या नेत्याला जड जाईल, त्याला आपण आधी ओळखून ठेवू.

जयभीम!