गलबताच्या कठड्यावरून

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मराठी वाचकाला ठाऊक असतो तो ‘ट्रेझर आयलंड’मुळे. त्या कादंबरीतले बेट त्याने आधी कागदावर नकाशा म्हणून काढले आणि मग त्यावर माणसे उतरवली. उष्ण कटिबंधातली खरी बेटे त्याने पाहिली ती त्यानंतर सात वर्षांनी. २८ जून १८८८ रोजी ‘कॅस्को’ नावाचे शिडाचे गलबत भाड्याने घेऊन तो पत्नी, सावत्र मुलगा आणि वृद्ध आईसह सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिकमध्ये निघाला. महिनाभराने मार्केसास बेटे लागली. पुढे पौमोतू (आजचे तुआमोतू), ताहिती आणि १८८९च्या जानेवारीत हवाई. तिथून ‘इक्वेटर’ या व्यापारी गलबतावरून गिल्बर्ट बेटे, म्हणजे आजच्या किरिबातीचा भाग, आणि अखेर सामोआ. ३ डिसेंबर १८९४ रोजी तो सामोआतच वारला. या भ्रमंतीवरचे ‘इन द साउथ सीज’ हे पुस्तक १८९६ साली, म्हणजे त्याच्या पश्चात, निघाले.

हे पुस्तक त्याच्या चाहत्यांनी फारसे जवळ केले नाही. स्वतः फॅनी स्टीव्हन्सनने प्रवास चालू असतानाच त्याच्या स्नेह्याला, सिडनी कॉल्व्हिनला, पत्र लिहून तक्रार केली होती. इतकी अद्भुत सामग्री हाती असताना लुई स्वतःचे अनुभव सांगायचे सोडून भाषा, वंश आणि चालीरीती यांचा शास्त्रीय ग्रंथ लिहू पाहतो आहे, असा तिचा रोष होता. वृत्तपत्रांतून ही प्रकरणे छापली गेली तेव्हा वाचकांचाही असाच हिरमोड झाला. त्यांना स्टीव्हन्सन हवा होता. स्टीव्हन्सन त्यांना बेटे देत होता.

आमचे म्हणणे असे, की फॅनीची ही तक्रार मराठी विभागांत आजही निकष म्हणून शिकवली जाते. प्रवासवर्णनावरचा आमच्याकडचा ठरीव प्रश्न पाहावा: ‘लेखकाचे व्यक्तिमत्त्व कसे प्रकट होते ते सोदाहरण स्पष्ट करा.’ अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकापासून मराठी प्रवासवर्णनाला ललित वळण लागले, हे आम्ही सारेच वर्गात सांगतो, आणि ते खरेही आहे. माहितीच्या ओझ्याखाली दबलेल्या लेखनाला त्या वळणाची गरज होती. पण वळणाचा मापदंड झाला. प्रसन्न, मिश्किल ‘मी’ जितका अधिक, तितके प्रवासवर्णन सरस असे समीकरण रूढ झाले, आणि पाहिलेला प्रदेश त्या ‘मी’च्या पाठीमागचा पडदा होऊन राहिला.

गलबतातून द्वीपमालिका पाहणाऱ्याला हा धोका सर्वाधिक असतो. घर बरोबरच तरंगत असते. आपले अंथरूण, आपले जेवण, आपली भाषा यांतून बाहेर न पडता रोज एक नवे बेट समोर येते. चार दिवस नांगर पडतो आणि उचलला जातो. बेटे मण्यांसारखी ओवली जातात, आणि ओवणारा दोरा अर्थातच प्रवासी. जॅक लंडनचे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ (१९११) याचा उत्तम नमुना आहे. १९०७च्या एप्रिलमध्ये तो स्वतः बांधवून घेतलेल्या बोटीतून निघाला. सात हजार डॉलरांत व्हायची ती बोट तीस हजारांवर कशी गेली, नौकानयन आपण पुस्तकांतून कसे शिकलो, कातडीला कोणकोणते रोग जडले, हे सारे तो विलक्षण जोमाने सांगतो. पुस्तक खाली ठेववत नाही. पण मेल्व्हिलच्या ‘टायपी’ (१८४६) या पुस्तकाने लहानपणीच मनात भरलेल्या खोऱ्यात तो पोहोचतो आणि तिथे रोगाने खंगलेली मूठभर माणसे उरलेली पाहतो, तेव्हा त्याचा ‘मी’ हळहळतो आणि पुढच्या बंदराकडे वळतो. हळहळ खरी आहे. प्रश्न मात्र तिच्यातून निघत नाही.

त्याच बेटावर स्टीव्हन्सन त्याच्या एकोणीस वर्षे आधी उतरला होता, आणि त्याने प्रश्न विचारला. हापाआ या जमातीची हकीकत तो नोंदवतो. सुमारे चारशे माणसे. देवीच्या साथीत त्यांतली चतुर्थांश गेली. पाठोपाठ क्षय आला आणि वर्षभरात एक पुरुष व एक स्त्री एवढेच उरून खोरे सोडून पळाले. हे सांगून तो थांबत नाही. काही बेटे ओस का पडली आणि काही का तगली, याची तो बेटागणिक तुलना मांडतो. रोग, दारू, अफू ही कारणे त्याला पुरेशी वाटत नाहीत. जिथे बदल कमीत कमी झाले, मग ते हितकर असोत वा घातक, तिथे माणसे तगली, असा त्याचा निष्कर्ष. तो वादग्रस्त असेल. रोगप्रतिकारशक्तीविषयी आज जे ठाऊक आहे त्यापुढे अपुरा तर आहेच. पण त्यासाठी बेटांची एकमेकांशी तुलना करावी लागते, एकेक बेट स्वतःशी ताडून भागत नाही.

‘म्हणजे या पुस्तकात लेखकाचे व्यक्तिमत्त्वच नाही काय?’ असे आमचे सहकारी विचारतात. आहे, पण ते कामाला जुंपलेले आहे. स्टीव्हन्सन स्कॉटलंडचा. १७४५च्या बंडानंतर डोंगराळ मुलखातल्या टोळ्यांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि त्यांच्या पोशाखावर बंदी आली, हे त्याच्या घरचे दुखणे. मार्केसासमध्ये फ्रेंच अंमलाखाली सरदारांची सत्ता गेलेली, जुने आचार बंद पडत चाललेले पाहून त्याला ते आठवते आणि तो ही आठवण विनिमयाचे साधन म्हणून वापरतो. एखादी स्थानिक समजूत ऐकायची असेल तर आधी आपल्याकडची तशीच एक समजूत सांगायची, समोरचा खुलतो. फाकारावा या कंकणाकृती प्रवाळबेटावर घर भाड्याने घेऊन राहताना त्याने भुताखेतांच्या कितीतरी गोष्टी गोळा केल्या. आपल्या आजीकडून कोकणातली भुते ऐकलेल्या कोणालाही ही देवघेव ओळखीची वाटावी.

पण पुस्तकाचा कळस आमच्या मते आपेमामा बेटावरच्या तेम्बिनोक राजाचा भाग आहे. हा राजा गोऱ्यांना सहसा बेटावर राहू देत नसे. स्टीव्हन्सनने परवानगी मागितली तेव्हा त्याने ती लगेच दिली नाही. तो गलबतावर येऊन बसे, पाहुण्यांना न्याहाळी. त्यांचे डोळे, तोंडाची ठेवण, बोलण्यातला खरेखोटेपणा पारखून मगच त्याने होकार दिला, आणि तोही स्वतःच्या अटींवर. घरे त्याने दिली, भोवतालची निषिद्ध सीमारेषाही त्यानेच आखली. जगभरच्या वस्तूंचा हावरा संग्राहक, कवी, व्यापारी आणि जुलमी सत्ताधीश अशा या माणसापुढे प्रवासी स्वतःच वर्ण्यविषय होतो. कठड्यावरून पाहणारी नजर इथे उलटी फिरते. स्टीव्हन्सन हा प्रसंग लपवत नाही, उलट रस घेऊन सांगतो. ‘व्यक्तिमत्त्व कसे प्रकट होते’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांना इथून शोधायला लावू: कोणाच्या डोळ्यांसमोर प्रकट होते?

अर्थात स्टीव्हन्सनलाही मर्यादा आहेत. खोबऱ्याचा व्यापार करणारी गलबते हीच त्याची वाहने. त्या व्यापाराने बेटांचे काय केले हे तो जाणतो, पण त्याच्याच सोयीने फिरतो. शिवाय बेटवासीयांचे स्वतःचे नौकानयन त्याच्या पुस्तकात विशेष जागा घेत नाही. टोंगन वंशाचे लेखक एपेली हाउओफा (१९३९–२००९) यांनी १९९३ साली ‘अवर सी ऑफ आयलंड्ज’ या निबंधात त्या नजरेची गफलत नेमकी दाखवली. दूरच्या समुद्रातली इवलीशी बेटे ही बाहेरच्यांनी केलेली कल्पना. तिथल्या माणसांसाठी समुद्र हाच प्रदेश होता, बेटे जोडणारा, नात्यागोत्याचा, येण्याजाण्याचा. १७६९ साली कॅप्टन कुकबरोबर निघालेल्या तुपाया या राइआतेआच्या नाविकाने डझनावारी बेटांचा नकाशा सांगितला होता, हे आठवले की हाउओफा यांचे म्हणणे केवळ भावनिक नाही हे पटते. हा निबंध मराठी विभागात कोणी शिकवत नाही. प्रवासवर्णनाच्या तासाला ‘इन द साउथ सीज’च्या दोन प्रकरणांशेजारी तो ठेवावा, अशी आमची सूचना आहे. एम. ए.च्या विद्यार्थ्याला ते जड जाणार नाही.

एक गोष्ट मात्र स्टीव्हन्सनने अशी केली जी फारच थोड्या प्रवाशांनी केली असेल. ‘द बॉटल इम्प’ ही त्याची कथा १८९१ साली सामोअन भाषेत, मिशनऱ्यांच्या मासिकात छापली गेली. कल्पित कथेचा रिवाज नसलेल्या त्या वाचकांपैकी काहींनी ती खरी मानली, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. डोंगरउतारावरचे त्याचे मोठे घर पाहायला येत, आणि चार गोष्टी झाल्या की विचारत, ती बाटली कुठे ठेवली आहे?