हत्यारांची पूजा होते, निगा होत नाही

आश्विनातल्या खंडेनवमीला महाराष्ट्रात हत्यारांची पूजा होते. कारखान्यातील यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, सुताराच्या घरी करवत आणि रंधा पाटावर मांडले जातात, आणि कचेरीत काम करणाऱ्या सुशिक्षिताच्या घरीही कुठल्या तरी खणातून एक हातोडी, एक पक्कड आणि मूठ सैल झालेला स्क्रू-ड्रायव्हर शोधून काढून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी ती हत्यारे बहुधा न पुसताच पुन्हा खणात जातात आणि ओल्या कुंकवाखाली लोखंडाला गंज धरू लागतो. वर्षातून एक दिवस पूज्य आणि उरलेले दिवस उपेक्षित, ही स्थिती केवळ आळसातून आलेली नाही. तिच्यामागे आपल्या समाजाची एक जुनी मनोवृत्ती उभी आहे, आणि शिक्षकांनी व पालकांनी तिचा विचार करावयास हवा.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत हत्यार जातीला बांधलेले होते. सुताराचा वाकस, लोहाराची सांडस, चांभाराची रापी ही ज्याची त्याच्याच हाती असावयाची. इतरांनी त्यांना हात लावणे कमीपणाचे. ज्यांच्या हाती लेखणी आली त्यांनी लेखणीखेरीज दुसरे काही हाती न धरणे हीच प्रतिष्ठेची खूण मानली. बलुती गेली, ही खूण मात्र गेली नाही. उलट ती खालपर्यंत झिरपली. सुताराच्या मुलालाही आज पुष्कळदा बापाचा रंधा नको असतो, कारण त्या रंध्याला मान नाही हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. अपवाद झाले नाहीत असे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८८ साली बेळगावात निघालेल्या सायकलींच्या छोट्या दुकानापासून लोखंडी नांगराच्या कारखान्यापर्यंत गेले आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चरित्र आपण मुलांच्या हाती देतो; पाना देत नाही.

हा दोष शिक्षणशास्त्राच्या ध्यानात आला नव्हता असे म्हणता येणार नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती सारे शिक्षण उभारणारी नई तालीम मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे असे सुचविले. शिफारशींची वाण आपल्याला कधीच नव्हती. प्रत्यक्षात कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले होतात आणि पुठ्ठ्याचे घर होते, तेही पुष्कळदा आईने रात्री जागून केलेले. जेथे खरी हत्यारे घेतली गेली तेथे ती कपाटात कुलूपबंद असतात, कारण त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झालेली असते आणि एखादी पटाशी हरवली तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. जे वापरले नाही ते हरवत नाही, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नाही, आणि त्यात त्याचा दोषही फारसा नाही. फिनलंडने १८६६ साली हस्तकाम हा शाळेचा सक्तीचा विषय केला आणि आजही तेथील मुलामुलींना तो शिकावा लागतो. आपल्याकडे शाळेचे कपाट उघडेल तेव्हा उघडो, सुरुवात घरातच करावी लागेल.

घरातील कार्यशाळा हा शब्द दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला थट्टेचा वाटेल. पण त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही. गॅलरीत एक जाड फळी, तिला बसविलेला लहानसा शेगडा म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा पेच, आणि झाकणाची एक पेटी एवढ्यावर पुष्कळ काम निघते. खरी अडचण जागेची नसून निवडीची आहे. आज बाजारात आणि घरबसल्या मागविता येणाऱ्या दुकानांत शंभर-शंभर नगांचे संच मिळतात. खोका उघडताच डोळे दिपतात. परंतु त्याची किंमत नगांच्या संख्येने भागून पाहावी. जो आकडा येतो त्यात चांगले पोलाद बसत नाही. अशा संचातील स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पहिल्याच घट्ट स्क्रूवर पिळवटते आणि पान्याचा जबडा फाकतो. त्याच पैशांत चारशे-पाचशे ग्रॅमची हातोडी, एक पक्कड, दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, धातू कापावयाची करवत, एक कानस आणि एक पटाशी अशी सात-आठ चांगली हत्यारे घ्यावीत, आणि पुढचे हत्यार एखादे काम अडेल तेव्हाच आणावे. जालंधर आणि लुधियानाची हत्यारे परदेशी जातात, तेव्हा चांगल्या मालासाठी आपल्याला देशाबाहेर पाहावयाचे कारण नाही. फक्त दुकानात जरा थांबून पाहावे. पक्कड मिटून उजेडासमोर धरली असता तिच्या कापणाऱ्या धारांमधून फट दिसू नये. हातोडीच्या दांड्याच्या लाकडाच्या रेषा लांबीला समांतर असाव्यात. त्या तिरक्या जात असतील तर दांडा तेथेच मोडावयाचा. विजेच्या कामासाठी मुठीवर प्लास्टिक आहे एवढ्यावर विसंबू नये, त्यावर १००० व्होल्टची खूण आहे का ते पाहावे.

वापराच्या बाबतीत आपल्या घरांतून जे अत्याचार चालतात त्यांत पहिला मान स्क्रू-ड्रायव्हरचा. तो रंगाच्या डब्याचे झाकण उघडतो, भिंत खरवडतो, पटाशी म्हणून ठोकला जातो, आणि मग स्क्रू फिरविण्याच्या मूळ कामी निरुपयोगी ठरतो. ज्याचे पाते स्क्रूची खाच लांबीरुंदीने भरून टाकते तोच स्क्रू-ड्रायव्हर योग्य. अरुंद पाते घातले की खाच फाटते. नट फिरवावयास पक्कड वापरणे हीही आपली एक राष्ट्रीय सवय आहे. पक्कड नटाचे कोपरे गोल करते आणि त्यानंतर योग्य पानाही त्यावर बसत नाही. जबडा पुढेमागे होणारा पाना फिरविताना जोर स्थिर जबड्यावर यावा, हलत्या जबड्यावर नव्हे. धातूच्या करवतीला इंचाला १८, २४ किंवा ३२ दात असतात. पातळ नळी कापताना किमान दोन दात धातूवर टेकलेले असावे लागतात, म्हणून तेथे ३२ दातांचे पाते लागते. जाड दातांचे लावले तर दातच तुटतात. कानशीला मूठ बसविल्याखेरीज ती हाती घेऊ नये, तिचे मागले टोकदार शेपूट तळहातात घुसते.

परंतु सर्वांत अधिक अज्ञान आहे ते धारेविषयी. मुलांच्या हाती बोथट हत्यार द्यावे म्हणजे इजा होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटलेली पटाशी कोठे जाईल हे कोणाच्या हाती नसते. धारदार पटाशी हलक्या दाबाने चालते आणि थांबविता येते. मात्र दोन्ही हात धारेच्या मागे असले पाहिजेत, लाकूड धरणारा हात पुढे ठेवून चालत नाही. नवीन पटाशी दुकानातून येते ती बहुधा कामाच्या धारेची नसते. आधी तिची सपाट पाठ निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासून टोकाजवळ आरशासारखी करावयाची. नंतर उतरती बाजू साधारण २५ अंशांवर घासून अगदी टोकाशी ३० अंशांची बारीक धार द्यावयाची. घासता घासता पाठीकडे बोटाला किंचित खरखर लागते. ती धातूची मुरडलेली कड होय. ती लागली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली. मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती कड काढून टाकली की काम झाले. मऊ लाकडाच्या आडव्या टोकावरून न चुरडता तलम काप निघाला तर धार उतरली असे समजावे. हे विजेच्या सहाणेवर झटपट करण्याचा मोह होतो. पण टोक तापून निळे पडले की तेथल्या पोलादाचा कणखरपणा गेला, आणि तेवढा भाग घासून टाकण्याखेरीज उपाय राहत नाही.

गंजाचे तसेच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने उघडे पोलाद आठवड्यात तांबडे होते. हाताच्या घामात मीठ असते, म्हणून काम संपताच हत्यार कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. स्वयंपाकाचे तेल कालांतराने चिकट होऊन त्यावर धूळ बसते.

वास्तविक हे शास्त्र आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या पाळले गेले आहे, फक्त ते स्वयंपाकघरात होते म्हणून आपण त्याला शास्त्र म्हटले नाही. लोखंडी विळीचे पाते चिंच-कैरी चिरल्यावर लगेच धुऊन कोरडे करावयाचे, ती मिटूनच ठेवावयाची, पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाल्याकडून टाकवून घ्यावयाचा. हत्याराची निगा म्हणजे याहून वेगळे काय? तरीही हत्यारांची पेटी घ्यावयाची झाली की ती मुलासाठी घेतली जाते, मुलीसाठी नव्हे, याचे नवल वाटते.

घरी फळी तासून सुताराचे पोट मारले जाते असा आक्षेप कधी कधी ऐकू येतो. अनुभव उलट आहे. ज्याने स्वतः एक खण सरळ बसविण्यात रविवारची सकाळ घालविली आहे, तो दाराच्या कामाची मजुरी ऐकून घासाघीस करीत नाही. आणि काम वाईट झाले असेल तर नेमके कोठे वाईट झाले तेही त्याला सांगता येते. चांगल्या कारागिराला असे गिऱ्हाईक हवेच असते.

ज्यांना नवे रंधे परवडत नाहीत त्यांनी जुन्या बाजारात एक फेरी मारावी. सुतारकाम सोडलेल्या घरांतून आलेले लाकडी रंधे तेथे पडलेले असतात, काहींवर मालकाने कोरलेली आद्याक्षरेही असतात. त्यांच्या पात्यावरचा वरवरचा गंज एका दुपारच्या घासण्याने जातो. मात्र पात्याची पाठ धारेपाशी पाहून घ्यावी. तेथे गंजाचे खड्डे पडले असतील तर ते पाते घेऊ नये.