पदवी हाती आली. आता अर्जाची वेळ



हातखंब्याच्या तिठ्यावर तीन वाटा फुटतात. एक मुंबईकडे जाते, एक गोव्याकडे आणि एक रत्नागिरी शहरात उतरते. आपल्या बौद्धवाडीतील तरुण एम. ए. अथवा एम. एस्सी. होऊन घरी येतो, तेव्हा त्याच्यापुढेही तीनच वाटा मांडल्या जातात : शिक्षकाची, कारकुनाची, आणि मुंबईतील खाजगी नोकरीची. चौथी एक वाट आहे व ती दिल्लीपर्यंत जाते. केंद्र सरकारच्या पोलीस व तपास सेवांची ही वाट त्यास कोणी दाखवीत नाही. ती दाखविणे, आणि ती वेळेवर धरावी असे आग्रहाने सांगणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ही वाट कशी आहे ते प्रथम पाहा. भारतीय पोलीस सेवेत संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून प्रवेश मिळतो. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि सशस्त्र सीमा बल ह्या पाच दलांतील असिस्टंट कमांडंटच्या जागांसाठी तोच आयोग वेगळी परीक्षा घेतो. दिल्ली पोलीस व केंद्रीय दले ह्यांतील उपनिरीक्षक कर्मचारी निवड आयोग निवडतो. केंद्रीय अन्वेषण विभागाचे उपनिरीक्षकही त्याच आयोगाच्या पदवी-स्तर परीक्षेतून घेतले जातात. ह्या सर्व जागांसाठी पदवी पुरते. एम. ए. झाल्याबद्दल एकही गुण अधिक मिळत नाही.

मग एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. नोकऱ्या पुष्कळ आहेत हे खरे. परंतु अंगावर कायद्याचा गणवेश चढविणारी नोकरी आपल्या समाजाने मागून, झगडून मिळविलेली आहे. दापोलीस राहणारे लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी, महारांची लष्करभरती बंद झाली त्या काळात, 1894 साली तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे ह्यांच्या पुढाकाराने दक्षिणेतील महारांनी भारतमंत्र्यांकडे विनंती केली. त्या विनंतीत मागितले काय, तर साध्या पोलीस शिपायाची आणि साध्या सैनिकाची जागा! पुढे 1942 साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे निवेदन दिले, आणि 1943 साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के जागा राखल्या गेल्या. आज खुल्या स्पर्धेने भरल्या जाणाऱ्या अखिल भारतीय जागांत हे प्रमाण 15 टक्के आहे. ज्या पूर्वजांनी शिपायाच्या जागेसाठी अर्ज लिहिला, त्यांच्या पणतवंडांनी अधिकाऱ्याच्या जागेचा अर्ज आळसाने भरू नये, ही शोभणारी गोष्ट आहे काय?

दुसरे एक कारण ह्याहून कडू आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपण नागपुरास धम्मदीक्षा घेतली. राष्ट्रपतींच्या 1950 सालच्या आदेशाप्रमाणे त्या काळी बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातींत धरला जात नव्हता. 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या. पण केंद्राचे दार बंदच राहिले. ते 1990 साली, संसदेने कायदा दुरुस्त केला तेव्हा उघडले. म्हणजे दीक्षेनंतरची 34 वर्षे गेली. ह्या 34 वर्षांत ज्यांनी सत्य लिहून 'बौद्ध' अशी नोंद केली, त्यांनी केंद्रातील राखीव जागेवर पाणी सोडले. त्या त्यागी पिढीचे ऋण आपल्यावर आहे. त्यांना जे दार बंद होते ते आपल्याला उघडे आहे, आणि तरीही आपण उंबऱ्याशी थबकतो.

थबकण्याचे पहिले कारण दाखल्याचे आहे. वाचकहो, ह्या बाबतीत मन दुखते हे मी जाणतो. जी जात आपण टाकली, तिचे नाव पुन्हा सरकारी कागदावर का लिहावे? म्हणून कित्येक कुटुंबे जातीच्या रकान्यात केवळ 'बौद्ध' लिहून मोकळी होतात, आणि ऐन वेळी मुलाचा दाखला केंद्राच्या कचेरीत अडतो. वस्तुस्थिती अशी की, केंद्राच्या अनुसूचीत जातींची नावे आहेत. 'बौद्ध' हे त्यांपैकी एक नाव नाही. 1990 च्या दुरुस्तीने एवढेच केले की, अनुसूचीतील जातीचा मनुष्य बौद्ध झाला म्हणून त्याचा हक्क जात नाही. तेव्हा धर्माच्या रकान्यात निःशंकपणे 'बौद्ध' लिहावे, आणि पूर्वाश्रमीच्या जातीची नोंद दाखल्यात असू द्यावी. ती नोंद म्हणजे आपली ओळख नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती पावती आहे. ऋणको जिवंत असताना शहाणा मनुष्य पावती फाडीत नसतो.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. राज्याच्या कामासाठी मिळालेला दाखला आणि केंद्राने ठरविलेल्या नमुन्यातील दाखला ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. केंद्राच्या नमुन्यातील दाखला प्रांताच्या कचेरीतून आधीच काढून ठेवावा. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणाऱ्याचा हक्क पुष्कळदा तारखेत बुडतो.

दुसरे कारण वयाचे आहे, आणि ह्यात आपण सर्वांत अधिक फसतो. असिस्टंट कमांडंट आणि दिल्ली पोलीस व केंद्रीय दले ह्यांतील उपनिरीक्षक ह्या जागांसाठी वयोमर्यादा 25 वर्षांची आहे. अनुसूचित जातींस पाच वर्षांची सवलत मिळून ती 30 होते. नागरी सेवा परीक्षेत ही मर्यादा 32 ऐवजी 37 आहे, आणि त्या वयापर्यंत आपल्या उमेदवारास कितीही वेळा परीक्षेस बसता येते. आता हिशेब करा. मुलगा एकविसाव्या वर्षी पदवीधर होतो, तेविसाव्या वर्षी एम. ए. होतो. मग बी. एड., मग नेट, मग पीएच. डी.ची नोंदणी. प्रबंध बांधून तयार होईतो तिशी उलटते, आणि पाच दलांचे दार लागते. शिकू नका असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांचा अनुयायी असे कसे म्हणेल? परंतु शिक्षण आणि अर्ज ही कामे एकामागून एक करण्याची नाहीत. ती बरोबरीने चालवावयाची आहेत. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अर्ज भरता येतो. एम. ए.चा अभ्यास वाया जात नाही. निबंधाच्या पत्रिकेत आणि मुलाखतीत तोच कामास येतो. अनुसूचित जातींच्या उमेदवारांस आणि सर्व स्त्रियांस परीक्षाशुल्क द्यावे लागत नाही. मार्गदर्शनासाठी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तेव्हा पैशाची सबबही फार टिकत नाही.

शरीराचीही परीक्षा असते. असिस्टंट कमांडंटच्या निवडीत पुरुषास 800 मीटर अंतर 3 मिनिटे 45 सेकंदांत, आणि स्त्रीस 4 मिनिटे 45 सेकंदांत धावावे लागते. कोकणातील चढउतार लहानपणापासून पायांखाली घातलेल्या आपल्या मुलामुलींस हे अशक्य नाही. मात्र त्यासाठी पहाटे उठणे लागते. मुलींच्या आईबापांस माझी विशेष विनंती आहे. मुलगी एम. ए. झाली की स्थळे पाहण्याची घाई होते. त्याच वर्षी तिचा अर्जही जाऊ द्या.

काही उपासक धम्माच्या दृष्टीने शंका घेतात. पंचशील घेणाऱ्याने हाती शस्त्र धरावे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तर दिले पाहिजे. वैशालीचा सिंह हा सेनापती होता. तो भगवंतांचा उपासक झाल्याची कथा पिटकात आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत भेद केला आहे. दुर्बळाचे रक्षण करणारा दंड आणि दुर्बळास चिरडणारा दंड हे एक नव्हेत. अत्याचाराची फिर्याद घेऊन आपली बहीण ठाण्याच्या पायरीवर उभी राहते, तेव्हा ज्याच्या चित्तात मैत्री आहे असा मनुष्य आत बसलेला असणे, हे धम्माचे कार्य नव्हे काय?

शेवटी सत्याविषयी. निवड झाल्यावर उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याची चौकशी होते. आपले तरुण मोर्चांत, बंदमध्ये भाग घेतात. क्वचित एखादा गुन्हा नोंदला जातो. तो विचारला असता कोणी लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. प्रकरण क्षुल्लक असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. लपवाछपवीने मात्र मिळालेली नोकरीही जाते. चौथे शील पाळणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको.

प्रत्येक विहारात आयोगाचे वार्षिक वेळापत्रक भिंतीवर लावा. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर पाव तास ह्या तारखांसाठी द्या. वाडीतील कोणत्या मुलामुलीचे वय किती, दाखला निघाला की नाही, ह्याची वही ठेवा. हक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिला जाणे ही अर्धी लढाई होती. ती आपल्या वडीलधाऱ्यांनी जिंकली. उरलेली अर्धी अर्जाच्या कागदावर, अखेरच्या तारखेच्या आत लढावयाची आहे, आणि ती तुमची आहे.

जय भीम.