विश्लेषण : साठ हजारांचा हेडफोन खरेच तितका चांगला ऐकू येतो का?

मोबाइल वीस हजारांचा आणि त्याला जोडलेला हेडफोन चाळीस हजारांचा, हे गणित काही वर्षांपूर्वी उलटे वाटले असते. आता ऑनलाइन सेलमध्ये अशी खरेदी करणारे सहज भेटतात. ॲपलने २०२० मध्ये ‘एअरपॉड्स मॅक्स’ भारतात आणला तो ५९,९०० रुपयांना. जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने जादा पैसे न घेता ‘लॉसलेस’ म्हणजे दर्जा न घटवलेली गाणी ऐकवायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२५ पासून स्पॉटिफायनेही तीच वाट धरली. त्यामुळे ‘आता गाणी उत्तम आहेत, तर हेडफोनही तसाच हवा’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद जोरात आहे. पण किंमत दहापट झाली की आवाज किती सुधारतो, याचे मोजमाप शास्त्रज्ञांनी करून ठेवले आहे आणि ते विक्रेत्यांच्या फारसे सोयीचे नाही.

ऑडिओफाइल हेडफोन म्हणजे काय?

या शब्दाची कोणतीही अधिकृत व्याख्या नाही, त्यामुळे खोक्यावर तो कुणीही छापू शकतो. साधारणपणे ध्वनीच्या अचूकतेसाठी बनवलेल्या, बहुधा वायर असलेल्या हेडफोनना तो लावला जातो. नेहमीच्या हेडफोनमध्ये छोट्या स्पीकरसारखी तारेची गुंडाळी आणि चुंबक पडदा हलवतात. महागड्या प्रकारांपैकी ‘प्लॅनर मॅग्नेटिक’मध्ये पातळ पडद्यावरच विद्युतवाहक पट्टे असतात, तर ‘इलेक्ट्रोस्टॅटिक’मध्ये त्याहूनही पातळ पडदा विद्युतभाराने हलतो. यातले बरेचसे ‘ओपन बॅक’ असतात. म्हणजे कपाची मागची बाजू जाळीची असते, त्यामुळे आवाज मोकळा वाटतो. मात्र बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाते.

या बाजाराचे टोक म्हणजे जर्मनीच्या सेनहायझरचा ‘एचई १’. इटलीतील कॅराराच्या संगमरवरात बसवलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि सोबत हेडफोन, किंमत सुमारे ५० हजार युरो. आजच्या दराने ही रक्कम ५० लाख रुपयांच्या आसपास जाते. तेवढ्यात शहराच्या कडेला एखादा छोटा फ्लॅट येईल.

किंमत आणि आवाज यांचा संबंध सापडला का?

हेडफोनचा आवाज कसा आहे, हे सर्वांत जास्त ठरते ते त्याच्या ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’वरून. डग्ग्याच्या घुमाऱ्यापासून झांजांच्या किणकिणीपर्यंत, खर्जापासून टीपेपर्यंत प्रत्येक वारंवारतेचा आवाज हेडफोन किती प्रमाणात ऐकवतो, याचा हा आलेख असतो. खर्ज जास्त झाला तर गायकाचा आवाज दबतो, वरची पट्टी जास्त झाली तर ‘स’, ‘श’ कानाला टोचतात.

जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये अकॉस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी २८३ हेडफोनचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स मोजून ते किमतींशी ताडून पाहिले गेले. निष्कर्ष शोधनिबंधाच्या शीर्षकातच आहे : दोन्हींत काही परस्परसंबंध नाही. महाग हेडफोनचा आलेख चांगला आणि स्वस्ताचा वाईट, असे चित्र निघाले नाही. आवाजाचा दर्जा मुख्यतः या आलेखावर ठरतो असे गृहीत धरले, तर दर्जाचाही किमतीशी संबंध दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे गृहीतक लक्षात ठेवायला हवे, कारण आलेखात सगळेच येते असे नाही.

मग चांगला आलेख कोणता? हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ पासून यावर प्रयोगांची मालिकाच केली. ऐकणाऱ्याला ब्रँड कळणार नाही अशा रीतीने वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज ऐकवून पसंती विचारली गेली. वेगवेगळ्या देशांतील बहुसंख्य लोकांची आवड बऱ्यापैकी सारखी निघाली : चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा ऐकू येतो, तशा धाटणीचा आवाज. त्यावरून तयार झालेला आलेख आज ‘हार्मन टार्गेट’ म्हणून ओळखला जातो. हे संशोधन उघडपणे प्रसिद्ध झाल्यामुळे चिनी कंपन्यांना तयार लक्ष्य मिळाले. म्हणूनच कानात घालायचे, वायर असलेले दीड-दोन हजार रुपयांचे काही इअरफोन या आलेखाच्या इतके जवळ जातात, की त्यांच्या दहापट किमतीची अनेक मॉडेले मागे पडतात.

किंमत म्हणजे आवाज नव्हे, याचे एक उदाहरण तर खुद्द कंपनीनेच दिले. सेनहायझरचा २००३ मधला ‘एचडी ६५०’ हा या वर्गातला नावाजलेला हेडफोन. त्याची छापील किंमत ५०० डॉलरच्या घरात असताना, २०१६ च्या अखेरीस ‘मासड्रॉप’ या संकेतस्थळासाठी त्याच रचनेचा ‘एचडी ६एक्सएक्स’ सुमारे २०० डॉलरला देण्यात आला. बदलले ते रंग, केबल आणि नाव. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती, त्यांनी या बातमीचे स्वागत कसे केले असेल ते सांगायला नको.

पण महागडा हेडफोन लावताच फरक जाणवतो, तो खोटा?

खोटा नाही, पण त्यातला किती भाग कानाचा आणि किती डोळ्यांचा हा प्रश्न आहे. फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये चार स्पीकर ४० श्रोत्यांना दोनदा ऐकवले, एकदा पडद्याआडून आणि एकदा समोर ठेवून. स्पीकर दिसत असताना मोठ्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घटले. पडदा लावताच हे अंतर बरेच कमी झाले. विशेष म्हणजे हे श्रोते हार्मनचेच कर्मचारी होते, म्हणजे या धंद्यातली माणसे.

चवीच्या बाबतीतही असेच दिसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली गेली. जास्त किंमत ऐकलेल्यांना ती अधिक रुचकर लागलीच, शिवाय मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी निगडित भाग अधिक सक्रिय दिसला. पिणारे थापा मारत नव्हते. त्यांना ती खरोखरच जास्त आवडली होती.

दुकानातल्या तुलनेत आणखी एक गोम असते. एक हेडफोन दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक डेसिबलने मोठा वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ न वाटता ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. आवाजाची पातळी मोजून सारखी केल्याशिवाय केलेली तुलना त्यामुळे फारशी विश्वासार्ह नसते. डेमो काउंटरवर असे मोजणारे कुणी सहसा नसते.

जास्तीचे पैसे मग जातात कशात?

सगळेच हवेत जात नाहीत. चांगल्या प्लॅनर हेडफोनमध्ये खोल खर्जातही आवाज फाटत नाही. काही ओपन बॅक मॉडेलांमध्ये वाद्ये डोक्याच्या आत नाही तर आजूबाजूला असल्यासारखी वाटतात. सेनहायझरचा २००९ मधला ‘एचडी ८००’ त्यासाठीच प्रसिद्ध झाला. तीन तास घालूनही कान न दुखणे, दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर एकमेकांशी जुळलेले असणे, सुटे भाग मिळणे यालाही किंमत असते. १९९७ चा ‘एचडी ६००’ आजही विकला जातो आणि त्याचे पॅड, केबल, ड्रायव्हर बदलता येतात.

उलट बाजूने, फोकलच्या ‘युटोपिया’सारख्या हेडफोनमध्ये बेरिलियम या महागड्या धातूचा पडदा असतो आणि तो थोड्याच संख्येने बनतो. संशोधनाचा सगळा खर्च मोजक्या ग्राहकांवर पडतो. भारतात त्यावर आयात शुल्क आणि १८ टक्के जीएसटी चढतो. हे सगळे किंमत वाढवते, पण कानापर्यंत पोहोचणारा फरक त्या प्रमाणात वाढत नाही. पाचशेवरून तीन हजारांवर गेल्यास उडी मोठी असते. तीन हजारांवरून पंचवीस हजारांवर गेल्यास फरक असतो, पण तो शोधावा लागतो. त्यापुढचा मामला बराचसा हौसेचा. हौसेला मोल नसते हे खरे, फक्त तिला विज्ञानाचे लेबल लावू नये.

लॉसलेस गाणी, डॅक आणि केबलचे काय?

इथे सर्वाधिक गोंधळ आहे. सीडीच्या दर्जाचे लॉसलेस ध्वनिमुद्रण (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे ध्वनी टिपते. माणसाचा कान तरुणपणी जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. त्याहून वरच्या ‘हाय रेझोल्यूशन’ची परीक्षा मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये घेतली. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवण्याइतकीच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा अचूकतेचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक ऐकू येत नाही असे म्हणता येणार नाही, पण त्यासाठी किती खर्च करायचा हे या दोन-अडीच टक्क्यांकडे पाहून ठरवावे.

शिवाय नेहमीचे ब्लूटूथ लॉसलेस नसतेच. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, तर सोनीचे ‘एलडॅक’ कमाल ९९० किलोबिट देते आणि आयफोनवर तेही चालत नाही. गंमत म्हणजे २०२१ मध्ये ॲपलने लॉसलेस सेवा आणली तेव्हा तिचाच ५९,९०० रुपयांचा हेडफोन ती पूर्णपणे वाजवू शकत नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये ही सोय आली, तीही फक्त यूएसबी-सी मॉडेलला आणि तारेनेच.

डॅक म्हणजे डिजिटल संकेताचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी चिप. ती आता इतकी स्वस्त आणि चांगली झाली आहे, की छोट्या डोंगलमधील दोषही बहुतेकदा कानाच्या आवाक्याबाहेरचे असतात. वेगळा ॲम्प्लिफायर ‘एचडी ६००’सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला उपयोगी पडतो, कारण मोबाइलच्या आउटपुटवर त्याचा आवाज पुरेसा चढत नाही. सोळा-बत्तीस ओहमच्या इअरफोनला त्याची गरज नसते. आणि हजारो रुपयांची चांदीची केबल? तुटलेली नसेल, तर साधी केबल तेच काम करते.

भारतीय ग्राहकाने काय पाहावे?

ऐकायचे कुठे, हे आधी. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत लोकलने जाणाऱ्याला पन्नास हजारांचा ओपन बॅक हेडफोन डब्याचा खडखडाट आणि गाणे दोन्ही ऐकवेल. त्याच्यासाठी कानात घट्ट बसणारा इअरफोन किंवा नॉइज कॅन्सलिंग असलेला हेडफोन हजारपटीने उपयोगाचा. रात्री शांत खोलीत अभिजात संगीत ऐकणाऱ्याचे गणित मात्र वेगळे असू शकते.

दुसरे म्हणजे आयुष्य. वायरलेस इअरबडची बॅटरी काही वर्षांत दम तोडते आणि ती बदलणे बहुतेक मॉडेलांत व्यवहार्य नसते. वायरचा चांगला हेडफोन दहा वर्षे टिकतो.

तिसरी गोष्ट फुकट आहे. आवाजाचा तोल पसंत नसेल तर नवा हेडफोन घेण्याआधी मोबाइलमधला इक्वलायझर वापरून पाहावा. अनेक मॉडेलांसाठी मोजमापांवर आधारित तयार सेटिंग विनामूल्य मिळतात. हेडफोन ‘ब्रेक इन’ होण्यासाठी शंभर तास वाजवण्याच्या सल्ल्यापेक्षा ही पाच मिनिटे जास्त फरक घडवतात. शंभर तासांत बदलते ती मुख्यतः ऐकणाऱ्याची सवय, आणि वस्तू परत करण्याची मुदत तेवढ्यात संपते.

आणि कानांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १२ ते ३५ वयोगटातील एक अब्जाहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे. संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. डेसिबलचे मोजमाप सरळ रेषेत वाढत नाही. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, त्यामुळे ९० डेसिबलला हीच मर्यादा आठवड्याला चार तासांवर येते. रोज दोन तासांचा प्रवास असेल तर ती मंगळवारी संध्याकाळीच संपते.

गाडीत, रस्त्यावर आवाज वाढवला जातो तो बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी. तो गोंगाट नॉइज कॅन्सलिंगने किंवा घट्ट बसणाऱ्या रबरी टोकांनी अडवला, तर तेच गाणे बऱ्याच कमी आवाजात पुरते. रबरी टोके इअरफोनच्या खोक्यात तीन आकारांची येतात आणि बहुतेक जण मधली लावून बाकीची ड्रॉवरमध्ये टाकून देतात. योग्य आकार बसला की खर्जही सुधारतो, कारण फट राहिली की सर्वांत आधी खर्जच गळतो. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद होते, मर्यादा ओलांडली तर सूचनाही येते. योगायोगाचा भाग असा, की सेनहायझरचा ग्राहक हेडफोनचा व्यवसाय २०२१ च्या करारानुसार स्वित्झर्लंडच्या सोनोव्हाकडे गेला. या कंपनीचा मूळ व्यवसाय श्रवणयंत्रे बनवण्याचा आहे.