प्रवेशाची शक्यता आणि कट-ऑफची सवय

हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारख्या अमेरिकी विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना ‘चान्स सत्तर टक्के’ अशा धाटणीचे आकडे छातीठोकपणे सांगितले जातात. हा प्रकार थांबायला हवा. अशा आकड्याला आधार नसतो, आणि त्यावर विसंबून आखलेले बेत विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लावतात.

गफलतीचे मूळ कट-ऑफच्या सवयीत आहे. महाराष्ट्रात सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांत पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि मागच्या वर्षीचा कट-ऑफ हाताशी असला, की सीओईपी किंवा व्हीजेटीआयमध्ये कोणती शाखा मिळेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. आयआयटीच्या प्रवेशातही प्रत्येक शाखा कोणत्या रँकपाशी बंद झाली, हे दरवर्षी जाहीर होते. दोन्हीकडे गुणवत्ता यादी असते आणि जागा वरून खाली भरत जातात. अमेरिकेतील या विद्यापीठांत अशी यादीच नसते. शाळेतले गुण, एसएटी, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासाबाहेरचे काम एकत्र वाचले जाते. शिवाय विद्यापीठाला त्या वर्षीच्या तुकडीत कोण हवे आहे, यावरही निर्णय अवलंबून असतो.

हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्याची सुनावणी 2018 साली बोस्टनला झाली, तेव्हा या पद्धतीचे आकडे न्यायालयासमोर आले. 2015 साली दाखल होणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतून सुमारे 26,000 अर्ज आले होते. त्यांपैकी सुमारे 3,500 जणांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, तर 8,000 हून अधिक जणांची शालेय सरासरी सर्वोच्च होती. जागा होत्या सुमारे 1,600. म्हणजे पूर्ण गुण मिळवूनही बहुतेकांना नकारच आला. उत्तम गुणांमुळे अर्ज गंभीरपणे वाचला जातो, पण तेवढ्याने प्रवेश पक्का होत नाही.

‘निवडलेल्यांचे गुण एवढे असतात, आमच्या मुलाचेही तेवढेच आहेत’ हा युक्तिवादही इथेच कोसळतो. निवड झालेल्यांपैकी किती जणांना उत्तम गुण होते, हा एक प्रश्न आहे. उत्तम गुण असलेल्यांपैकी किती जणांची निवड झाली, हा दुसरा. विद्यापीठे पहिल्याचे उत्तर छापतात, पालकांना हवे असते दुसऱ्याचे.

जाहीर होणारी सरासरीही जपून वापरावी लागते. 2024 साली हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना प्रवेश देऊ करण्यात आला, म्हणजे सुमारे 3.6 टक्के. मात्र सगळे अर्जदार एकाच रांगेत नसतात. निवडक खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले आणि देणगीदारांसारख्या कारणांनी विशेष यादीत आलेले, असे चार गट मिळून अर्जदारांत जेमतेम 5 टक्के, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे 30 टक्के होते, हेही त्याच खटल्यात दिसले. हेच प्रमाण कायम धरले, तर उरलेल्यांची सरासरी 3.6 वरून सुमारे 2.7 टक्क्यांवर येते.

परदेशी अर्जदाराची वाट आणखी अरुंद असते. एमआयटीत गेल्या काही वर्षांत परदेशी अर्जदारांपैकी साधारण दोन टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांनाच प्रवेश मिळाला आहे. आर्थिक मदतीचा प्रश्न त्यात भर घालतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज तपासताना त्याची ऐपत पाहत नाहीत. स्टॅनफर्ड मात्र पाहते, आणि इतर अनेक नामवंत विद्यापीठेही पाहतात. त्यामुळे मदत मागणाऱ्या आणि न मागणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना एकच टक्केवारी सांगणे चूक आहे.

‘दहा ठिकाणी अर्ज करा, एखादे तरी लागेल’ हा सल्लाही तपासून घ्यायला हवा. प्रत्येक ठिकाणी शक्यता 4 टक्के धरली आणि दहाही निर्णय एकमेकांशी पूर्णपणे असंबद्ध मानले, तरी किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे 34 टक्केच भरते. प्रत्यक्षात दहाही ठिकाणी तेच गुण, तीच शिफारसपत्रे आणि बरेचसे तेच निबंध जातात. एका ठिकाणी अर्ज फिका ठरला, तर तो इतरत्रही फिका ठरण्याचा संभव वाढतो. म्हणून खरा आकडा 4 आणि 34 यांच्या मध्ये कुठेतरी असतो. सगळी यादी अशाच नावांनी भरली, तर दहाही नकार येण्याची शक्यता प्रवेशाच्या शक्यतेपेक्षा मोठीच राहते.

तरीही अंदाज बांधणे निरर्थक नाही. आधी विद्यार्थ्याशी खरोखर जुळणाऱ्या गटाचे, म्हणजे परदेशी आणि मदत मागणाऱ्या किंवा न मागणाऱ्या अर्जदारांचे प्रमाण शोधावे. मग अर्जातील बळकट आणि दुबळ्या बाजू पाहून ते थोडे वर-खाली करावे. उत्तर एका आकड्यात न देता ‘दोन ते सहा टक्के’ असे द्यावे. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरची ठळक कामगिरी असेल तर अंदाज वर सरकतो, पण त्याची खात्री होत नाही.

सल्ला देणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. जाहिरातींत प्रवेश मिळालेल्यांची छायाचित्रे झळकतात, पण एकूण किती जणांनी अर्ज केले होते, हे त्याशेजारी छापले जात नाही. ज्यांना ‘वीस टक्के’ सांगितले, त्यांतील खरोखर पाचातल्या एकाला प्रवेश मिळाला का, याचा हिशेब प्रत्येक समुपदेशकाने ठेवावा आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तो मागावा. शाळांनीही बारावीच्या विद्यार्थ्यांची यादी तयार करताना प्रवेशाची वाजवी शक्यता असलेली आणि खर्च झेपेल अशी किमान दोन-तीन महाविद्यालये, भारतातली धरून, त्यात असल्याची खात्री करावी. हार्वर्डला अर्ज जरूर करावा, मात्र नकार आला तर जून-जुलैत विद्यार्थी कुठे दाखल होणार, हे अर्ज पाठवण्याआधीच ठरलेले असावे.

— एक वाचक, पुणे