साक्षीला उभे केलेले साहित्य : बाल्कनविषयक ग्रंथांच्या वाचनाची चिकित्सा

१

१९९१ मध्ये युगोस्लाव्हियाचे विघटन सुरू झाले आणि बाल्कन प्रदेशाच्या इतिहास-संस्कृतीवरील ग्रंथांचा ओघ इंग्रजीतून वाहू लागला. प्रवासवर्णने, संक्षिप्त इतिहास, वार्ताहरांची कथने, जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या असे त्याचे स्वरूप वरवर विविध होते. या वैविध्याखाली मात्र वाचनाची एक समान सवय होती आणि तिची पुरेशी चिकित्सा समीक्षेने केलेली नाही. साहित्यकृतीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही सवय होय. कथेतील एखादे पात्र बोलते आणि ते त्या भूमीचेच बोलणे ठरते. काव्यातील रक्तपात हा लोकस्वभावाचा पुरावा मानला जातो. हा केवळ अभिरुचीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मारली गेली, आणि ती का मारली जात आहेत या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी अशाच वाचनातून मिळवले. 'हा इतिहासकारांचा प्रांत आहे' असे म्हणून साहित्याच्या अभ्यासकाला यातून अंग काढून घेता येणार नाही, कारण चूक मुळात वाचनाची आहे.

या सवयीची परंपरा जुनी आहे. प्रॉस्पर मेरिमे या फ्रेंच लेखकाने १८२७ मध्ये 'ला ग्युझ्ला' हा संग्रह निनावी प्रसिद्ध केला. इलिरियन लोकगीतांचे अनुवाद म्हणून सादर केलेल्या या संग्रहातील गीते बहुतांशी मेरिमेने स्वतःच रचली होती. त्यांपैकी काही अस्सल समजून पुश्किनसारख्या कवीने ती रशियनमध्ये आणली. पुढे नव्या आवृत्तीत मेरिमेने थट्टेच्या सुरात खुलासा केला : त्या प्रदेशात जाण्याची इच्छा होती, पैसा नव्हता, तेव्हा प्रवासाचे वर्णन आधी लिहावे, ते विकून येणाऱ्या पैशांवर प्रवास करावा आणि आपले वर्णन कितपत चुकले ते तेथे जाऊन पाहावे, असा बेत होता. मेरिमेला निदान आपण थट्टा करीत आहोत हे ठाऊक होते. त्याच्या नंतरच्या गंभीर लेखकांनी हाच क्रम निष्ठेने पाळला. वर्णन आधी, प्रदेश मागाहून.

२

रिबेका वेस्ट यांचा 'ब्लॅक लॅम्ब अँड ग्रे फाल्कन' हा अकराशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३६ ते १९३८ या काळातील युगोस्लाव्हियाच्या प्रवासांवर तो आधारलेला आहे. नाझी आक्रमणाच्या छायेत, युरोपच्या आत्मनाशाचा अर्थ लावण्याच्या तळमळीतून तो लिहिला गेला. त्याची थोरवी आणि त्याचा सर्बांकडील झुकाव, दोन्ही त्या क्षणाशी बांधलेले आहेत. रॉबर्ट कॅप्लन यांचे 'बाल्कन घोस्ट्स' हे पुस्तक १९९३ चे. आपले पारपत्र आणि पैसे हरवले असते तरी चालले असते, पण वेस्ट यांच्या ग्रंथाची आपली प्रत हरवून चालली नसती, अशा आशयाची कबुली कॅप्लन त्यात देतात. १९४१ च्या विशिष्ट भयातून जन्मलेली दृष्टी अर्धशतकानंतर प्रदेशाचे कायमस्वरूपी सत्य म्हणून वापरली जाते. मधल्या काळात तेथे राज्यसंस्था, शाळा, कारखाने आणि दोन नव्या पिढ्या घडून गेल्या, याची पुसट नोंदच उरते.

कॅप्लन यांच्या पुस्तकाचे चार भाग आहेत : युगोस्लाव्हिया, रुमानिया, बल्गेरिया, ग्रीस. बोस्नियासाठी त्यात स्वतंत्र प्रकरणही नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ते वाचले आणि बोस्नियात हस्तक्षेप करण्याबाबतची त्यांची अनास्था त्यामुळे वाढली, असे त्या काळात प्रसिद्ध झाले. आपल्या पुस्तकाचा तसा हेतू नव्हता, असे कॅप्लन यांनी पुढे स्पष्ट केले आहे. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण लेखकाचा हेतू आणि संहितेची रचना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने शिकवावे लागू नये. ज्या पुस्तकाच्या शीर्षकातच भुते आहेत, ज्यात प्रत्येक गावाची वेस ओलांडताच एखादे मध्ययुगीन वैर जागे होते, त्या पुस्तकातून वाचक आणखी कोणता निष्कर्ष काढणार? भुतांशी वाटाघाटी करता येत नाहीत, आणि त्यांच्यावर खटलाही भरता येत नाही.

३

या वाचनपद्धतीचा सर्वांत ठळक बळी म्हणजे इव्हो आंद्रिच यांची '१९२० मधील एक पत्र' ही कथा. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या कथेत मॅक्स लेव्हनफेल्ड हा डॉक्टरपुत्र बोस्निया कायमचा सोडून जातो आणि बालमित्राला, म्हणजे कथेच्या निवेदकाला, पत्र लिहून त्याचे कारण सांगतो. बोस्निया ही द्वेषाची भूमी आहे, हे ते कारण. रात्री साराजेव्होत वेगवेगळ्या धर्मीयांची घड्याळे वेगवेगळ्या क्षणी एकाच तासाचे ठोके देतात, ही त्या पत्रातील प्रतिमा विलक्षण आहे. युद्धकाळात हे पत्र वारंवार उद्धृत झाले. कधी आंद्रिच यांचे मत म्हणून, कधी जणू दप्तरखान्यातला अस्सल कागद म्हणून.

कथेची रचना मात्र वेगळेच सांगते. पत्र लिहिणारा निवेदक नाही आणि निवेदक म्हणजे आंद्रिच नव्हेत. येथे दोन अंतरे आहेत. पत्राचा लेखक पळून जाणारा माणूस आहे, आणि पळून जाणाऱ्याला आपल्या जाण्याचे समर्थन हवे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कथा पत्राबरोबर संपत नाही. लेव्हनफेल्ड पॅरिसला जातो, डॉक्टर म्हणून नाव मिळवतो, पुढे स्पेनच्या यादवी युद्धात स्वयंसेवक होतो आणि एका छोट्या गावातील इस्पितळावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात मारला जातो. ज्या द्वेषाला तो बोस्नियाचे वैशिष्ट्य समजला, तो त्याला सुसंस्कृत पश्चिम युरोपात विमानातून गाठतो. शेवटच्या या मोजक्या ओळी पत्राच्या सिद्धांताला सुरुंग लावतात. उद्धृत करणारे नेमके त्या ओळींच्या अलीकडे थांबतात. एका कथेचे शेवटचे पान न वाचण्याची ही हेळसांड परराष्ट्रधोरणाच्या चर्चेत तज्ज्ञता म्हणून मिरवत राहिली.

आंद्रिच यांच्याबाबत एक आक्षेप येऊ शकतो. ग्राझ विद्यापीठात १९२४ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी बोस्नियाच्या आध्यात्मिक जीवनावरील तुर्की सत्तेचा परिणाम सर्वस्वी विघातक ठरवला होता. मग कथेतील पात्र त्यांचेच मत बोलत नाही कशावरून? हा आक्षेप प्रबंधकार आणि कादंबरीकार यांना एक मानतो. 'द्रिनेवरील पूल' (१९४५) या कादंबरीत पूल बांधणारा वजीर मेहमेद पाशा हा त्याच परिसरातून बालपणी तुर्कांनी उचलून नेलेला ख्रिस्ती मुलगा आहे. ज्या नदीकाठी तो आपल्या माणसांना अंतरला, तेथेच तो पूल बांधतो. हानी आणि निर्मिती येथे एकाच माणसात, एकाच दगडी बांधकामात गुंतलेली आहेत. प्रबंधाचे एकेरी विधान कादंबरीच्या ताणात तग धरत नाही. आंद्रिच यांना मुस्लिमविरोधी म्हणून नाकारणारे आणि सर्ब म्हणून मिरवणारे असे दोन्ही पक्ष या ताणाकडे सारखीच पाठ फिरवतात.

४

येथे मूळ मुद्दा येतो. पाश्चात्त्य प्रवासी आणि स्थानिक राष्ट्रवादी हे एकमेकांचे विरोधक वाटत असले तरी त्यांची वाचनपद्धती एकच आहे. पेतार पेत्रोविच न्येगोश यांचे 'गोर्स्की विएनात्स' (१८४७) हे नाट्यकाव्य मॉंटेनेग्रोतील इस्लाम स्वीकारलेल्यांच्या संहारावर रचलेले आहे. तो संहार तशा स्वरूपात घडला की नाही याविषयी इतिहासकारांना शंका आहे. काव्यातही नायक बिशप दानिलो हा संशयाने पोखरलेला, निर्णय लांबवणारा आहे. राष्ट्रवादी वाचनाने दानिलोचा संशय गाळला आणि संहार तेवढा ठेवला. प्रवासी लेखकाने लेव्हनफेल्डचे पत्र ठेवले आणि मरण गाळले. एकाला कृतीचे समर्थन हवे होते, दुसऱ्याला निष्क्रियतेचे. दोघांनीही कथेतून कथापण काढून घेतले.

हे काम अडाण्यांनी केले असते तर गोष्ट वेगळी होती. बोस्नियातील सर्ब नेते रादोवान काराजिच हे कवी होते. वंशसंहारासह अन्य गुन्ह्यांसाठी त्यांना २०१६ मध्ये शिक्षा झाली आणि २०१९ मध्ये ती जन्मठेपेत वाढवण्यात आली. त्यांचे सहकारी निकोला कोल्येविच हे साराजेव्हो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, शेक्सपिअरचे अभ्यासक होते. त्यांच्याच सैन्याने वेढलेल्या शहरात १७ मे १९९२ रोजी प्राच्यविद्या संस्थेची पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते जळाली. त्याच वर्षी २५ ऑगस्टच्या रात्री तोफगोळ्यांनी राष्ट्रीय ग्रंथालय पेटले. साहित्याचे वाचन माणसाला आपोआप उदार करते, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

आणि या घटनांना तारखा आहेत. बोस्नियातील सर्ब विधिमंडळाने १२ मे १९९२ रोजी सहा सामरिक उद्दिष्टे मान्य केली. इतर समाजांपासून सर्बांना वेगळे काढणे हे त्यांतील पहिले. त्याच वर्षी व्हिशेग्राडच्या त्याच पुलावर मुस्लिमांना मारून द्रिनेत फेकण्यात आले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. सभा, ठराव, आदेश, वाहने, इंधन यांच्याशिवाय असे संहार होत नाहीत. नोएल माल्कम यांचा बोस्नियाचा इतिहास (१९९४) आणि मार्क मॅझॉवर यांचे 'द बाल्कन्स' (२०००) हे छोटे पुस्तक या नियोजनाकडे बोट दाखवतात, म्हणून ते भुतांच्या ग्रंथांपेक्षा मोलाचे आहेत.

५

मारिया टोडोरोवा यांच्या 'इमॅजिनिंग द बाल्कन्स' (१९९७) या ग्रंथाने पाश्चात्त्य प्रतिमानिर्मितीची मीमांसा केली आणि एडवर्ड सैद यांच्या प्राच्यवादाच्या संकल्पनेपासून बाल्कनवाद वेगळा का काढावा हेही दाखवले. बाल्कन हा 'दुसरा' नसून युरोपचाच अपुरा भाग म्हणून रंगवला जातो, हे त्यांचे निरीक्षण मर्मग्राही आहे. परंतु त्यांच्या वाटेने जाणाऱ्या समीक्षेत एक सोय शिरली. प्रत्येक वर्णन ही रचना आहे असे एकदा म्हटले, की द्रिनेच्या काठी कोणी कोणाला मारले हा प्रश्नही रचनेत विरघळतो. शिवाय पाश्चात्त्यांनी बाल्कनविषयी काय लिहिले याचीच चर्चा वाढत जाते. आंद्रिच, सेलिमोविच, किश, कादारे तळटीपांत राहतात. भुतांचा सिद्धांत आणि संभाषिताचा सिद्धांत या दोघांनाही बाल्कन साहित्य वाचण्याची गरज भासत नाही, हे त्यांचे अनपेक्षित साम्य आहे.

मराठी अभ्यासकाला हा वाद दूरचा वाटू नये. १९४७ च्या मे महिन्यात सत्तांतराच्या योजनेच्या मसुद्याला विरोध करताना नेहरूंनी भारताच्या बाल्कनीकरणाचे भय व्यक्त केले होते. तेव्हापासून हा शब्द आपल्या राजकीय गद्यात, मराठीतही, रुळला आहे. एका प्रदेशाचे नाव रोगाचे नाव म्हणून वापरताना त्या प्रदेशाविषयी काही ठाऊक असावे, एवढी अपेक्षा गैर नाही. खरे तर ठाऊक आहेही. मौखिक परंपरेचा अभ्यास करणारा मराठी संशोधक मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांचे नाव घेतो. त्यांचा सिद्धांत ज्या ध्वनिमुद्रणांवर उभा आहे ती १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियात झाली. बारा हजारांहून अधिक ओळींचे आख्यान गाणारा अव्दो मेजेदोविच हा निरक्षर मुस्लिम खाटीक होता. होमरच्या काव्याचे आधुनिक आकलन ज्याच्या गळ्यातून मिळाले, तो माणूस बाल्कनच्या इतिहास-संस्कृतीच्या यादीत आढळत नाही आणि लॉर्ड यांचा 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) हा ग्रंथ बाल्कनविषयक म्हणून कोणी वाचत नाही. संघर्षप्रवण प्रदेशाकडून जगाने फक्त संघर्षाचाच पुरावा मागावा, अशी ही विभागणी आहे.

साहित्याला साक्षीला बोलवायचेच असेल तर निदान त्याची उलटतपासणी व्हावी : कोण बोलत आहे, कोणाशी, कोणत्या गरजेतून, आणि त्याच्या बोलण्यानंतर संहिता पुढे काय सांगते. या चार प्रश्नांसाठी कोणत्याही नव्या सिद्धांताची आवश्यकता नाही. निवेदक आणि लेखक यांतील भेद पदवीच्या वर्गातही शिकवला जातो. साराजेव्होला वेढा पडला असताना तो भेद ज्यांनी विसरला, त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो शिकलेला होता आणि काहींनी तो शिकवलेलाही होता.